संशयाची हजेरी

आज 31 ऑगस्ट. महाराष्ट्रातल्या पालांवर, वस्त्यांवर आणि तांड्यांवर हा दिवस ‘विमुक्त दिन’ म्हणून पाळला जातो. देश 15 ऑगस्ट 1947 रोजी स्वतंत्र झाला, पण पारधी, कैकाडी, रामोशी, बेरड, कंजारभाट, भामटा अशा अनेक जमातींना त्यानंतरही पाच वर्षे पोलीस पाटलाकडे हजेरी द्यावी लागत होती. इंग्रजांनी 1871 साली केलेला गुन्हेगार जमाती कायदा अखेर 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला आणि ही माणसे कायद्याच्या लेखी मोकळी झाली. शहरातल्या कॅलेंडरवर या दिवसाची नोंद नसते. वस्तीवर झेंडा लागतो, भाषणे होतात आणि दुसऱ्या दिवशी गावात कुठे घरफोडी झाली की पोलिसांची गाडी आधी त्याच वस्तीकडे वळते.

या दिवशी त्या जमातींच्या व्यथा मांडण्याचा रिवाज आहे आणि तो योग्यच आहे. पण विमुक्त दिनाचा संबंध तेवढ्या जमातींपुरता नाही. गुन्हा घडल्यावर आपला समाज आणि आपली न्यायव्यवस्था नेमके काय करते, आरोपीशी कशी वागते आणि ज्याच्यावर गुन्हा घडला त्याच्या पदरात काय टाकते, हे तपासण्याचा हा दिवस आहे.

त्या कायद्यामागचा तर्क सरळ होता. सुताराचा मुलगा सुतार होतो, तसा चोराचा मुलगा चोर होणार. मग गुन्हा घडण्याची वाट कशाला पाहायची? सरकारने एखादी जमात ‘गुन्हेगार’ म्हणून जाहीर केली की तिच्यातल्या माणसांची नोंदवहीत नावे चढत. ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची, परवान्याशिवाय हद्द ओलांडायची नाही. पुढे 1897 च्या दुरुस्तीने मुलांना आईबापांपासून वेगळे काढून सुधारगृहात ठेवण्याची सोय झाली. 1911 साली कायद्याची व्याप्ती वाढली आणि मुंबई इलाख्यातही तारेच्या कुंपणातल्या वसाहती उभ्या राहिल्या. सोलापूरचे ‘सेटलमेंट’ त्यांत मोठे. आत जायला गुन्हा सिद्ध व्हावा लागत नसे, जन्म पुरेसा होता.

त्याच काळात, शेजारच्याच औंध संस्थानात, अगदी उलटा प्रयोग झाला. भवानराव पंतप्रतिनिधींनी मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या कल्पनेला साथ दिली आणि आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची वसाहत वसवली. खुनाची शिक्षा झालेली माणसे तिथे भिंतींशिवाय राहिली, शेती करू लागली, बायकामुले जवळ ठेवू लागली. व्ही. शांताराम यांच्या 1957 च्या ‘दो आँखें बारह हाथ’ची प्रेरणा हीच वसाहत. सोलापुरात ज्यांनी काही केले नव्हते तेही कुंपणाच्या आत होते आणि आटपाडीत ज्यांचा गुन्हा शाबीत झाला होता ते कुंपणाबाहेर. माणसाला त्याच्या कृत्याने मोजायचे की त्याच्या जातीने, या प्रश्नाची दोन उत्तरे एकाच मुलखात एकाच वेळी दिली जात होती. स्वतंत्रपूरच्या वाट्याला कौतुक आले. आपल्या वृत्तीत मुरले ते मात्र सोलापूरचे कुंपण.

ते किती मुरले आहे, हे नाशिक जिल्ह्यातल्या एका खटल्यात लख्ख दिसते. जून 2003 मधली रात्र. शेतातल्या झोपडीवर दरोडा पडला, पाच माणसे मारली गेली, बायकांवर अत्याचार झाले. घरातली बाई गंभीर जखमी होऊन वाचली. सगळे डोळ्यांदेखत पाहिलेली ती साक्षीदार. पोलिसांनी तिच्यापुढे सराईत गुन्हेगारांच्या छायाचित्रांचा अल्बम ठेवला, तेव्हा तिने त्यातली चार माणसे ओळखली. त्या चौघांना कुणी हात लावला नाही. पुढे पकडले गेले ते दुसरेच सहा जण: भटक्या जमातींतले, मोलमजुरी करणारे, वकिलाची फी देण्याची ऐपत नसलेले.

2006 साली सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. मुंबई उच्च न्यायालयाने 2007 साली तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली. 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने ती सवलतही काढून घेतली आणि सहाही जण पुन्हा फाशीच्या कोठडीत गेले. त्यांच्यातला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे उशिरा निष्पन्न झाले. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने स्वतःचाच निकाल मागे घेऊन प्रकरण पुन्हा ऐकले आणि 5 मार्च 2019 रोजी सहाही जणांना निर्दोष सोडले. अल्बममधून ओळखलेल्या चौघांचा तपास का झाला नाही, याचे उत्तर सरकारी पक्षाकडे नव्हते. गरीब, भटक्या जमातींतली माणसे म्हणून या सहा जणांना खोटे गोवले गेल्याची शक्यता नाकारता येत नाही, असे न्यायालयाला म्हणावे लागले. प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई आणि चुकार अधिकाऱ्यांवर कारवाईचे आदेशही निघाले. तोवर सोळा वर्षे उलटली होती.

या निकालाच्या बातम्या आल्या त्या सहा निरपराधांच्या सुटकेच्या. त्या रात्री वाचलेल्या बाईचे काय, हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. तिने ओळखलेली माणसे सोळा वर्षे मोकळी हिंडली. ज्यांना फाशी होणार म्हणून सरकारने तिला न्याय दिल्याचे समाधान मानले, ते गुन्हेगार नव्हतेच. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण आपण संन्याशाच्या कळवळ्याने वापरतो. ज्याच्या घरी चोरी झाली त्याचा माल मात्र तसाही परत आलेला नसतो.

‘मानवी हक्क फक्त गुन्हेगारांनाच असतात का?’ हा सवाल कट्ट्यापासून विधानसभेपर्यंत कुठेही ऐकू येतो. आरोपीला वकील मिळतो, जामीन मिळतो, तुरुंगात जेवण मिळते, आणि ज्याचे माणूस गेले त्याला काय मिळते? सवालातली वेदना खरी आहे, हिशेब मात्र चुकलेला आहे. नाशिकच्या त्या बाईचे आणि त्या सहा जणांचे हित एकच होते: तपास नीट व्हावा. आरोपीचा हक्क आणि पीडिताचा हक्क तराजूच्या दोन पारड्यांत बसवले की एकाचे काढून घेतल्याने दुसऱ्याला आपोआप मिळेल असा भास होतो. प्रत्यक्षात आरोपीचे जे काढून घेतले जाते ते बहुतेक वेळा तपासातल्या आळसाच्या खात्यावर जमा होते. पीडिताच्या हाती काहीच येत नाही.

जुलै 2025 मध्ये दहा दिवसांच्या अंतराने दोन निकाल आले. 21 जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने 2006 च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यातल्या बाराही आरोपींना निर्दोष ठरवले. त्यांतला एक जण तोवर तुरुंगातच मरण पावला होता. राज्य सरकारने या निकालाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. 31 जुलैला विशेष न्यायालयाने 2008 च्या मालेगाव स्फोट खटल्यातल्या सातही आरोपींना सोडले. पहिल्या निकालावर हळहळणारे बरेच जण दुसऱ्या निकालावर पेढे वाटत होते आणि पहिल्यावर ‘न्याय झाला’ म्हणणारे दुसऱ्यावर संतापले होते. आरोपी कोणत्या धर्माचा, यावर आपला न्यायाचा आनंद ठरत होता. लोकलच्या पहिल्या वर्गाच्या डब्यात आणि मालेगावच्या भिक्कू चौकात ज्यांची माणसे गेली, त्यांच्यासाठी दोन्ही निकालांचा अर्थ सारखाच होता. इतकी वर्षे गेली आणि हे कुणी केले, हे अजून कुणी सांगू शकत नाही.

गुन्हेगार कोण, हे ठरवण्याची घाई आपल्या अंगी भिनली आहे. गर्दीला तर पुरावाही लागत नाही. 1 जुलै 2018 रोजी, आठवडी बाजाराच्या दिवशी, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मंगळवेढ्याकडून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारी टोळी समजून ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारले गेले. मोबाइलवर अफवा फिरत होत्या, माणसे अनोळखी होती, पेहराव वेगळा होता. तेवढे पुरले. दोन वर्षांनी पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा चालक तशाच अफवेचे बळी ठरले. जमावाने कायदा हाती घेतला, असे आपण म्हणतो. खरे तर 1871 चा जुना कायदाच जमावाने पुन्हा लागू केला होता: परका दिसतो, म्हणजे गुन्हेगार असणारच.

जमावाची ही घाई सरकारी गणवेशात आली की तिला टाळ्या मिळतात. डिसेंबर 2019 मध्ये हैदराबादजवळ बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातले चार संशयित पोलिसांच्या गोळ्यांनी मेले, तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष होते निवृत्त न्यायमूर्ती विकास सिरपूरकर, म्हणजे मराठी माणूसच. पोलिसांनी सांगितलेली चकमकीची कहाणी विश्वास ठेवण्याजोगी नाही, दहा पोलिसांवर खटला चालवावा आणि मेलेल्यांपैकी तिघे अल्पवयीन होते, असा त्यांचा अहवाल 2022 साली आला. तोवर फुले सुकून गेली होती.

बदलापूर तर घरचेच उदाहरण. ऑगस्ट 2024 मध्ये शाळेतल्या दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाल्याचे उघड झाले. पालक तक्रार द्यायला गेले, तेव्हा गुन्हा नोंदवून घ्यायला तासन् तास लावले गेले. लोक रेल्वे रुळांवर उतरले, दिवसभर लोकल बंद पडल्या, तेव्हा यंत्रणा हलली. महिनाभराने, 23 सप्टेंबरला, पोलिसांच्या गाडीत आरोपी गोळी लागून मेला आणि ‘बदला पुरा’ असे फलक मुंबईत झळकले. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने जानेवारी 2025 मध्ये त्याच्या मृत्यूला पाच पोलिसांना जबाबदार धरले. या सगळ्यात त्या मुलींना काय मिळाले? आरोपी मेला की त्याच्यापुरता खटला संपतो. जे घडले ते घडले आणि ते याच माणसाने केले, असे न्यायाधीशांनी भर न्यायालयात सांगण्याची शक्यताच त्या गोळीने संपवली. पालकांना तक्रार नोंदवायला ताटकळत ठेवणारी व्यवस्था तीच आणि आरोपीला जिवंत न्यायालयापुढे उभे करू न शकणारी व्यवस्थाही तीच. एका निष्काळजीपणाबद्दल चिडलेल्या समाजाने दुसऱ्याचा गुलाल उधळला.

उलट टोकही आपण पाहिले आहे. गुजरातमधल्या 2002 च्या दंगलीतल्या सामूहिक बलात्कार आणि हत्याकांडाच्या ज्या खटल्याची सुनावणी मुंबईत झाली, त्यातल्या अकरा जन्मठेपेच्या कैद्यांना 15 ऑगस्ट 2022 रोजी गुजरात सरकारने माफी देऊन सोडले. तुरुंगाबाहेर त्यांना मिठाई भरवली गेली, हार घातले गेले. जिच्यावर अत्याचार झाले, तिला या सुटकेची आधी कल्पनाही दिली गेली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने 8 जानेवारी 2024 रोजी ही माफी रद्द केली, कारण असा निर्णय घेण्याचा अधिकार खटला चाललेल्या महाराष्ट्राच्या सरकारचा होता. गोळी घालणे आणि हार घालणे ही दोन टोके दिसायला विरुद्ध असली, तरी दोन्हीकडे सगळे लक्ष गुन्हेगारावर आहे. पीडित दोन्ही चित्रांच्या चौकटीबाहेर आहे.

ही चौकट न्यायालयातही तशीच असते. जिल्हा न्यायालयाच्या व्हरांड्यात कोणत्याही कामाच्या दिवशी उभे राहावे. गावाहून पहाटेची एसटी पकडून आलेली एक बाई पदराला गाठ मारून बाकावर बसलेली दिसते. आपल्या खटल्यात ती पक्षकार नाही. खटला सरकार विरुद्ध आरोपी असा असतो. तिची ओळख ‘साक्षीदार क्रमांक अमुक’ एवढीच. त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला आरोपीचा भाऊ बसून तिच्याकडे टक लावून पाहत असतो, कारण वेगळी जागा नाही. दुपारी पुकारा होतो. आत गेल्यावर कळते की बचाव पक्षाचे वकील दुसऱ्या कोर्टात अडकले आहेत, किंवा मुद्देमाल आलेला नाही, किंवा साहेब रजेवर आहेत. सरकारी वकिलांच्या हाती त्या दिवशी फायलींचा गठ्ठा असतो आणि तिच्याशी त्यांची ही पहिलीच भेट. अंगठा किंवा सही, पुढची तारीख, दिवसाची मजुरी बुडालेली, परतीची एसटी. वर्षानुवर्षे हे चालले की ती किंवा तिचा पंच एक दिवस ‘आठवत नाही’ म्हणतो आणि आपण त्याला ‘फितूर’ म्हणून मोकळे होतो.

कायदा याबाबत अगदीच मुका नाही. 2008 च्या दुरुस्तीने पीडिताची व्याख्या झाली, सुटकेविरुद्ध अपिलाचा हक्क मिळाला आणि भरपाई योजनेची तरतूद झाली. महाराष्ट्राने 2013 साली ‘मनोधैर्य’ योजना आणली. बलात्कार, बाल लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ल्याच्या पीडितांना त्यातून दहा लाखांपर्यंत साहाय्य मिळू शकते आणि ते जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत मिळते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने तपासाची प्रगती 90 दिवसांच्या आत पीडिताला कळवणे बंधनकारक केले, खटला मागे घेण्याआधी पीडिताचे म्हणणे ऐकणेही. सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे, असेही ही संहिता सांगते. कागद चांगला आहे. पण ज्या पारधी बाईला तक्रार द्यायला गेल्यावर आधी ‘तुझा नवरा कुठे आहे ते सांग’ असे ऐकावे लागते, तिच्यासाठी 90 दिवसांची मोजणी सुरू तरी कधी होणार? ज्याच्याकडे कायम आरोपी म्हणून पाहिले जाते, तो पीडित म्हणून ठाण्यात उभा राहूच शकत नाही. संशयाची हजेरी त्याने दिली नाही, तरी त्याच्या नावावर ती लागतेच.

तुरुंगाच्या आतही ती लागते. 2022 च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत 5 लाख 73 हजार 220 माणसे होती. त्यांपैकी 4 लाख 34 हजार 302 न्यायबंदी होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून शाबीत झालेला नाही असे. दर चार कैद्यांमागे तीन. त्यांतल्या कित्येकांना जामीन मंजूरही झालेला असतो, पण जामीनदार मिळत नाही. ज्याच्या सातबाऱ्यावर गुंठाभर जमीन नाही आणि ज्याला तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला मिळण्याचा प्रश्नच येत नाही, त्याने जामीनदार आणायचा कुठून? पालावर राहणाऱ्या माणसाचा तर पत्ताच पोलिसांच्या लेखी संशयास्पद. पत्रकार सुकन्या शांता यांनी तुरुंगांतल्या जातिभेदावर लिहिले आणि मग सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. त्या याचिकेवर 3 ऑक्टोबर 2024 रोजी आलेल्या निकालाने अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्या उघड्या पाडल्या. 1871 चा कायदा गेला होता, पण त्यातली माणसे ‘सराईत’ म्हणून या नियमावल्यांत शिल्लक होती. ही कलमे घटनाबाह्य ठरवून न्यायालयाने कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला लावला आणि विमुक्त जमातींतल्या लोकांना मनमानीने अटक होऊ नये, असे पोलिसांना बजावले. कायदा रद्द झाल्यानंतर त्याची सावली पुसायला 72 वर्षे लागली आणि तीही अजून पुरती पुसलेली नाही.

वस्तीतल्या माणसांनी हात बांधून वाट पाहिली, असे नाही. तुळजापूर तालुक्यातल्या यमगरवाडीत गिरीश प्रभुणे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पारध्यांच्या मुलांसाठी शाळा उभी केली. अमरावती जिल्ह्यातल्या मंगरूळ चव्हाळ्यात मतीन भोसले या फासेपारधी तरुणाने ‘प्रश्नचिन्ह’ शाळा काढली. पुढे तिच्या जागेतून समृद्धी महामार्ग गेला. लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि मराठी वाचकाने ते उशाशी ठेवले. साहित्यात सन्मान आणि ठाण्यात संशय, ही विसंगती आपण फार सहज पचवली आहे.

विमुक्त दिनाला फक्त सहानुभूती व्यक्त करून हे बदलणार नाही. कामे ठरलेली आहेत आणि ती खर्चिकही नाहीत. बंदोबस्त आणि तपास ही पोलिसांची कामे वेगळी करा, असे सर्वोच्च न्यायालयाने प्रकाशसिंह खटल्यात 2006 सालीच सांगितले. गणपती, निवडणुका आणि मंत्र्यांचे दौरे सांभाळून उरलेल्या वेळात खुनाचा तपास करणारा अधिकारी अल्बममधल्या चार फोटोंच्या मागे जाणार नाही. हाताशी सापडेल तो उचलून आणेल. निरपराध तुरुंगात सडला तर त्याला भरपाई मिळण्याचा कायदा करा, असे विधी आयोगाने 2018 साली आपल्या 277 व्या अहवालात सुचवले. तसा कायदा नसल्याने भरपाई आजही न्यायालयाच्या मर्जीवर आहे. प्रत्येक जिल्हा न्यायालयात साक्षीदारांसाठी वेगळी खोली हवी. प्रत्येक ठाण्यात, 90 दिवसांत पीडिताला काय कळवले, याची नोंद वरिष्ठांनी तपासायला हवी. जातमुचलक्यावर सोडता येईल त्याला जामीनदारासाठी अडवू नये.

आणि वाचक म्हणून, मतदार म्हणून आपल्याला स्वतःसाठी एक नियम घालता येईल. यापुढे एखाद्या भयंकर गुन्ह्याची बातमी आली की ‘त्याला काय शिक्षा द्यावी’ यावर बोलण्याआधी, ‘तोच होता हे कशावरून’ आणि ‘जिच्यावर घडले ती आज कुठे आहे’ हे दोन प्रश्न विचारायचे. पहिल्या प्रश्नाने निरपराध वाचेल, खऱ्या गुन्हेगारापर्यंत पोहोचण्याची शक्यता उरेल. दुसऱ्याने सरकारला जाब द्यावा लागेल. हे दोन प्रश्न विचारणाऱ्यांची संख्या वाढली, तर ठाणे अंमलदारालाही ते स्वतःला विचारावे लागतील. फाशीची मागणी करायला एक संध्याकाळ आणि एक मेणबत्ती पुरते. तपास नीट झाला का, याचा पाठपुरावा करायला वर्षे लागतात, आणि पीडिताला खरी गरज त्या वर्षांतल्या सोबतीची असते.